मोक्षाची निश्चिती आणि तिचे निकष : संत नामदेव–विसोबा खेचर प्रसंगाचा तौलनिक विचार

सारांश :
साधकाला आपला मोक्ष निश्चित झाला आहे हे कसे कळावे, आणि ते कोणी सांगावे, हा धर्मविचारातील एक अवघड प्रश्न आहे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेव व औंढा नागनाथ या दोन स्थळांशी निगडित असलेल्या संत नामदेवांच्या चरित्रकथेत या प्रश्नाची मांडणी अतिशय स्पष्टपणे आढळते. प्रस्तुत लेखात त्या कथेचा अन्वयार्थ लावून जैन, बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मातील मॉर्मन परंपरेच्या निश्चितीविषयक कल्पनांशी तिची तुलना केली आहे.

बीजशब्द : मोक्ष, निश्चिती, जीवन्मुक्ती, वारकरी संप्रदाय, नामदेव, विसोबा खेचर, औंढा नागनाथ, मॉर्मन परंपरा.

प्रस्तावना :
मोक्षविचारात तीन प्रश्न अंतर्भूत असतात. मोक्ष म्हणजे काय, हा साध्याचा प्रश्न होय. तो कोणत्या मार्गाने मिळतो, हा साधनाचा प्रश्न होय. तो आपल्याला मिळाला आहे किंवा मिळणारच आहे हे कशावरून ओळखावे, हा तिसरा प्रश्न निश्चितीचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक सामान्य श्रद्धावानाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत निकडीचा असतो. आयुष्यभर नामस्मरण, वारी, उपवास करणाऱ्या माणसाला आपले हे सर्व मान्य झाले किंवा नाही, ही शंका अखेरपर्यंत छळू शकते.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा जन्म पंढरपुरी झाला असेही काही अभ्यासकांचे मत आहे; तथापि त्यांच्या घराण्याचे मूळ नर्सीचे, याविषयी परंपरेत सहसा दुमत नाही. आषाढीनंतर पंढरपूरहून परतणारे असंख्य वारकरी आषाढ वद्य एकादशीस नर्सी येथे 'परतवारी'साठी येतात. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून मान्यता पावलेले आहे. या दोन स्थळांना जोडणारी कथा ही प्रस्तुत विवेचनाचा मुख्य आधार आहे.

मुक्तीचे प्रकार आणि निश्चितीचा प्रश्न :
भक्तिमार्गात सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्या आहेत. ईश्वराच्या लोकी राहणे, त्याच्या सन्निध असणे, त्याचे रूप लाभणे आणि त्याच्याशी एकरूप होणे असा हा चढता क्रम होय. अद्वैत वेदान्ताने यात जीवन्मुक्तीची भर घातली. देह असतानाच मुक्त झालेला पुरुष ही कल्पना स्वीकारली, की निश्चितीचा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो. मरणोत्तर मुक्तीची पडताळणी जिवंत माणसांना करता येत नाही. जीवन्मुक्तीची मात्र करता आली पाहिजे, कारण जीवन्मुक्त आपल्यातच वावरत असतो. मग त्याला ओळखण्याची खूण कोणती?

ज्ञानदेवांच्या नावे असलेल्या हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात चारही मुक्तींचा उल्लेख येतो आणि त्या भक्ताला सहज साध्य आहेत असे प्रतिपादन केलेले आहे. एवढे सोपे आश्वासन असताना नामदेवांसारख्या भक्ताला पुन्हा परीक्षेला का सामोरे जावे लागले, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

कथेचे स्वरूप आणि तिची साधने :
परंपरेनुसार नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानला जातो. वडील दामाशेटी, आई गोणाई आणि पत्नी राजाई. व्यवसायाने हे कुटुंब शिंप्याचे. विठ्ठलाशी नामदेवांचे नाते इतके निकटचे, की देव त्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष खातो, त्यांच्याशी बोलतो, अशा कथा लहानपणापासून सांगितल्या जातात. नामदेवांच्या नावे असलेल्या गाथेतील चरित्रपर अभंग आणि महिपतीबुवा ताहराबादकरांचा 'भक्तविजय' (१७६२) ही या कथांची महत्त्वाची साधने आहेत. भक्तविजयाची रचना नामदेवांनंतर सुमारे चार शतकांनी झाली असल्याने त्यातील प्रसंगांना काटेकोर अर्थाने इतिहास म्हणता येणार नाही. मात्र संप्रदायाने निश्चितीच्या प्रश्नाचे उत्तर कसे कल्पिले, हे समजून घेण्यास त्या कथा पूर्णतः विश्वसनीय आहेत. कारण त्या संप्रदायाने शतकानुशतके कीर्तनातून जपलेल्या आहेत.

कथेचा पूर्वार्ध तेर येथे घडतो. संतमंडळी एकत्र जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरा कुंभार यांनी आपली थापटी घेतली आणि भाजलेले व कच्चे मडके ओळखावे त्याप्रमाणे एकेकाच्या मस्तकावर ती मारून पाहिली. इतर संत शांत राहिले. नामदेवांना मात्र हा आपला अपमान वाटला व ते रुष्ट झाले. गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्णय दिला. दुखावलेले नामदेव पंढरपुरास विठ्ठलाकडे गेले. परंतु देवानेही तोच निर्णय कायम ठेवला आणि त्यांना गुरूकडे जाण्यास सांगितले.

उत्तरार्ध औंढा नागनाथ येथील आहे. नामदेव तेथे पोहोचले तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले होते. नामदेवांनी आक्षेप घेताच विसोबांनी, जेथे देव नाही अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव, असे सांगितले. नामदेवांनी पाय ज्या ज्या बाजूस ठेवले तेथे तेथे लिंग प्रकट झाले. ईश्वराविना रिकामी जागा नाही हा बोध तेथे झाला आणि नामदेवांनी विसोबांना गुरू केले.

तेर येथील परीक्षा : पक्केपणाचा अर्थ
या प्रसंगातील रूपक कुंभाराच्या व्यवसायातून घेतलेले आहे आणि ते विचारपूर्वक पाहिले असता निश्चितीचा संपूर्ण सिद्धान्त त्यात सामावलेला दिसतो. कच्चे मडके आकाराने पक्क्या मडक्यासारखेच असते. डोळ्यांनी पाहून दोहोंतील फरक सांगणे नेहमीच शक्य होत नाही. आघात केल्यावर येणारा नाद मात्र वेगळा असतो. दुसरे असे, की कच्चे मडके पाण्यात टाकले तर त्याची पुन्हा माती होते. आव्यात भाजून निघालेले मडके फुटेल, पण पुन्हा माती होणार नाही. म्हणजेच पक्केपणा ही न उलटणारी अवस्था होय. मोक्षाची निश्चिती म्हणजे नेमके हेच. साधक पुन्हा पूर्वस्थितीला जाणार नाही, अशा टप्प्यावर तो पोहोचला आहे काय, हे तपासणे होय.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, परीक्षेत नामदेवांची विद्वत्ता, भक्तीची उत्कटता किंवा देवाशी असलेली सलगी यांपैकी काहीही मोजले गेले नाही. मोजला गेला तो केवळ अहंकार. ज्याच्याशी देव बोलतो तोही कच्चा असू शकतो, हा या कथेचा धक्कादायक आशय आहे. वैयक्तिक साक्षात्कार हा निश्चितीचा पुरावा मानण्यास वारकरी परंपरेने येथे स्पष्ट नकार दिला आहे. तसेच परीक्षक हा शास्त्री किंवा मठाधिपती नसून एक कुंभार आहे, आणि परीक्षेचा प्रस्ताव एका अल्पवयीन मुलीचा आहे. संतांच्या मेळ्याला परस्परांची पारख करण्याचा अधिकार आहे व तो जन्मावर अवलंबून नाही, असा त्याचा अर्थ होतो.

औंढा येथील बोध : प्रमाणपत्राऐवजी दृष्टी
तेरच्या प्रसंगानंतर नामदेवांची दुसरी परीक्षा घेऊन त्यांना उत्तीर्ण ठरविले गेले असते, तर कथा अधिक सुबक झाली असती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. औंढ्यास त्यांना मिळते ती एक दृष्टी आहे. देव केवळ पंढरपुरात किंवा केवळ लिंगात नाही, हे कळल्यावर 'मी देवाजवळ आहे की नाही' हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. ज्याच्यापासून दूर जाताच येत नाही त्याच्या जवळ असल्याची हमी मागण्याचे कारण उरत नाही. विठ्ठलभक्त नामदेवांना हा बोध शिवक्षेत्रात आणि एका शैव गुरूकडून व्हावा, यातही औचित्य आहे.

विसोबा खेचर यांच्या नावे 'षट्स्थळ' हा ग्रंथ असून रा. चिं. ढेरे यांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. षट्स्थल ही मूलतः वीरशैव विचारातील संकल्पना होय. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या सहा पायऱ्यांनी साधक शिवाशी एकरूप होतो, असे हा विचार मानतो. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रगतीची ही परिभाषा असलेल्या गुरूने नामदेवांना मात्र एका क्षणाच्या अनुभवातून शिकविले, अशी परंपरेची धारणा आहे. क्रमिक साधना आणि एकाएकी होणारा उलगडा हे दोन्ही विचार तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठवाड्यात शेजारी शेजारी नांदत होते, असे यावरून म्हणता येईल.

इतर परंपरांतील निश्चिती :
जैन दर्शनाने आत्म्याच्या प्रगतीचे चौदा गुणस्थाने कल्पिली आहेत. सम्यग्दर्शन एकदा प्राप्त झाले, की मधल्या काळात ते सुटले तरीही तो जीव मर्यादित काळात मोक्षास जाणारच, असा त्या दर्शनाचा सिद्धान्त आहे. मात्र अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही खाली घसरतो, कारण त्याचा मोह केवळ शमलेला असतो, नष्ट झालेला नसतो; बाराव्या गुणस्थानी मोहाचा क्षय झाल्यानंतरच पतनाची शक्यता संपते. बौद्ध परंपरेत स्रोतापन्न अवस्थेस पोहोचलेल्याला जास्तीत जास्त सात जन्म उरतात व त्याची अधोगती होत नाही, असे मानले आहे. या दोन्ही विचारांत निश्चिती ही कोणा ईश्वराने दिलेली हमी नसून आंतरिक स्थितीच्या बदलाचा परिणाम आहे.

याहून वेगळे चित्र मॉर्मन परंपरेत दिसते. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे त्याचे अधिकृत नाव असून २०१८ पासून पंथप्रमुखांनी 'मॉर्मन' या संबोधनाऐवजी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. त्याच वर्षी बंगळुरू येथे भारतातील पहिले मंदिर उभारण्याची घोषणाही करण्यात आली.

या पंथात तारण आणि उत्कर्ष या दोन अवस्थांत भेद केला जातो. येशू ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तामुळे सर्व मानवांचे पुनरुत्थान होईल. या व्यापक अर्थाने मृत्यूपासूनचे तारण सर्वांना लाभणार आहे. पुनरुत्थानानंतरच्या वैभवाच्या मात्र तीन श्रेणी आहेत. सिलेस्टियल, टेरेस्ट्रियल व टेलेस्टियल या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या श्रेणींचे वर्णन जोसेफ स्मिथ यांच्या १८३२ मधील दर्शनात आले आहे. सर्वोच्च श्रेणीतही पुन्हा तीन स्तर असून त्यांतील वरच्या स्तरास पोहोचणे, ईश्वरासारखे जीवन लाभणे, म्हणजे उत्कर्ष होय. त्यासाठी श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याचे दान, मंदिरातील करारविधी आणि पतिपत्नींना अनंतकाळासाठी बांधणारा विवाहविधी आवश्यक मानला जातो. विधी झाले तरी अखेरपर्यंत निष्ठा टिकविणे ही अट राहतेच. म्हणून सर्वसामान्य सदस्याची निश्चिती ही सशर्त असते.

याखेरीज, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील वचनाच्या आधारे 'पाचारण व निवड दृढ होणे' ही विशेष संकल्पना या पंथात विकसित झाली. आपण अनंत जीवनासाठी मुद्रांकित झालो आहोत हे एखाद्यास प्रकटीकरणाद्वारे याच जन्मी कळू शकते, असे जोसेफ स्मिथ यांनी १८४३ मध्ये प्रतिपादिले. त्याच वर्षापासून निवडक दांपत्यांना दिला जाणारा 'दुसरा अभिषेक' हा विधी याच कल्पनेशी संबंधित आहे. अशा अनुभवांची जाहीर वाच्यता करू नये, असा त्या पंथातील संकेत आहे.

तौलनिक विवेचन :
मॉर्मन श्रेणींची आपल्याकडील चार मुक्तींशी तुलना करण्याचा मोह होतो. सरूपता आणि ईश्वरसदृश होण्याची कल्पना यांत वरवर साम्य आहे हे खरे. परंतु दोन्ही विचारांची भूमी वेगळी आहे. मॉर्मन विचारात मनुष्य ईश्वरासारखा होतो, त्याच्यात विलीन होत नाही. व्यक्तित्व व कौटुंबिक नाते अनंतकाळ टिकते. सायुज्यतेत व्यक्तित्वाची सीमाच पुसली जाते.

अधिकाराच्या बाबतीतही भेद लक्षणीय आहे. मॉर्मन परंपरेत विधी करण्याचा अधिकार संस्थेने नियुक्त केलेल्या धर्माधिकाऱ्यांकडे असतो आणि विधींची नोंद ठेवली जाते. वारकरी परंपरेत गुरू आणि संतसमुदाय यांच्यावाचून अन्य अधिकारपीठ नाही, आणि कोण पक्का झाला याची नोंदवहीही नाही. कुटुंबाच्या संदर्भात मात्र एक अनपेक्षित साम्य आढळते. गाथेत राजाईच्या नावे असलेल्या अभंगांतून संसाराकडे दुर्लक्ष करणाऱ्या पतीविषयीची तक्रार ऐकू येते; परंतु परंपरेनुसार नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली ती परिवारासह. एकट्याचा मोक्ष अपुरा वाटणे, ही भावना दोन्हीकडे आहे.

दोन्ही परंपरांनी एका धोक्याची जाणीव ठेवली आहे. निश्चितीची घोषणा अहंकारास जन्म देते. मॉर्मन परंपरेने त्यावर मौनाचा उपाय योजला. वारकरी परंपरेने जो स्वतःस पक्का समजतो त्याच्याच मस्तकावर थापटी ठेवली.

निश्चिती आणि सामाजिक दार :
हा प्रश्न केवळ पारलौकिक नाही. औंढा येथे अशी कथा सांगितली जाते की, मंदिरासमोर कीर्तन करण्यास पुजाऱ्यांनी मज्जाव केल्यामुळे नामदेव मंदिराच्या मागील बाजूस गेले आणि मंदिरच त्यांच्या दिशेने फिरले. नंदी देवळाच्या पाठीमागे का आहे, याचे स्पष्टीकरणही या कथेद्वारे दिले जाते. मंदिर फिरल्याचा प्रसंग गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या एका पदातही आहे. त्यात हीन जातीचा म्हणून बाहेर काढल्याचा उल्लेख आहे, औंढ्याचे नाव मात्र नाही. शिखांच्या या धर्मग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य होते अशी श्रद्धा असून २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८वे अधिवेशन तेथे भरले होते.

या कथेचा आशय असा, की देवाने ज्यास आपला मानले त्यास देवळाचे दार नाकारले जाऊ शकते. आध्यात्मिक निश्चिती आणि सामाजिक मान्यता यांतील ही दरी चोखोबांच्या वाट्याला अधिक तीव्रतेने आली. मंगळवेढ्यास त्यांचा अंत झाल्यावर नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. संतपदाबद्दल कोणासही शंका नसलेल्या चोखोबांच्या समाजास त्या मंदिराचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. सहा शतके मुक्तीचे दार उघडे आणि मंदिराचे बंद, अशी ही विसंगती होय. मोक्षाच्या निश्चितीचा अभ्यास करताना ती नजरेआड करणे योग्य होणार नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. नामदेवांच्या चरित्रकथेत निश्चितीच्या प्रश्नाला तीन क्रमाक्रमाने येणारी उत्तरे आहेत. तेर येथे परीक्षा, औंढा येथे दृष्टी आणि पंढरपूर येथे त्याग. संतांचे पाय लागावेत म्हणून ज्याने महाद्वाराची पायरी होणे पत्करले, त्याने स्वतःच्या उच्च स्थानाचा प्रश्नच मागे टाकला. पुढे तुकोबांनी मुक्तीपेक्षा भक्तीसाठी पुन्हा जन्म मागितला, तो याच भूमिकेचा विस्तार होय.

२. वैयक्तिक साक्षात्कार हा मोक्षाचा पुरेसा पुरावा नाही, आणि पारख करण्याचा अधिकार जन्मावर अवलंबून नाही, ही वारकरी परंपरेची भूमिका आहे.

३. जैन व बौद्ध विचारांत निश्चिती आंतरिक परिवर्तनावर, मॉर्मन परंपरेत विधी, निष्ठा व प्रकटीकरण यांवर, तर वारकरी परंपरेत अहंकाराच्या निरसनावर आधारलेली आहे.

४. निश्चितीविषयीच्या कथांचा विचार त्या ज्या समाजात सांगितल्या जातात तेथील प्रवेश आणि नकार यांच्या संदर्भात करणे आवश्यक आहे.

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांना या विषयाचे क्षेत्र अगदी दाराशी उपलब्ध आहे. नर्सीची परतवारी, तेथे येणारे शीख भाविक, औंढ्याचे देवालय आणि जिल्ह्यातील शिरड शहापूरचे जैन क्षेत्र येथे सांगितल्या जाणाऱ्या मौखिक कथा मराठी, इतिहास, समाजशास्त्र व तत्त्वज्ञान या विभागांच्या विद्यार्थ्यांनी संयुक्तपणे संकलित केल्यास, ग्रंथांतून न उलगडणारे अनेक दुवे हाती येऊ शकतील. सामान्य भाविक आपल्या उद्धाराविषयी काय मानतो, त्याला कशाने धीर येतो आणि कशाने तो खचतो, हे त्याच्याच शब्दांत नोंदविले जाणे अगत्याचे आहे.